पाच दिवसांच्या गोळ्या

१२ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल ही गोळी वापरण्यावर बंदी आणली आणि अंडं वाढवण्याच्या गोळीसाठी डॉक्टरांच्या हाती पुन्हा जुनी क्लोमिफीनच उरली. भीती बाळाला अपाय होण्याची होती. २००५ साली माँट्रियलच्या एका परिषदेत लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या सुमारे १५० बाळांत हाडांचे आणि हृदयाचे दोष जास्त दिसतात, असं मांडलं गेलं. तुलना मात्र केली होती सर्वसाधारण, कमी जोखमीच्या बाळंतपणांशी! दुसऱ्याच वर्षी ९११ बाळांचा अभ्यास आला, त्यात लेट्रोझोलची बाळं क्लोमिफीनच्या बाळांपेक्षा जास्त सदोष निघाली नाहीत. आपली बंदी त्यानंतर पाच वर्षांनी आली आणि २०१७ मध्ये उठली.

या सगळ्या वादात गोळी गिळणाऱ्या बाईचं काय होतं, हा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नाही.

क्लोमिफीनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६७ मध्ये. ती मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडल्याचा भास करून देते, मग मेंदू अंडाशयाला जोर लावतो. या भासाचा हिशेब शरीर चुकता करतं: अंगातून वाफा, चिडचिड, डोकेदुखी, ओटीपोटात जडपणा. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहू शकतं, जुळ्यांची शक्यता शंभरात सात-आठ. औषध शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं. आमच्या गोंदियात नवतपाच्या दिवसांत अंगाची लाही होते, तेव्हा ही झळ गोळीची की उन्हाची, बाई कशी ओळखणार? आषाढात रोवणी लागली की दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावायची. अंडाशय सुजलेलं असताना तेच वाकणं पोटात कळ आणतं. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, रोवणीत कोणाची कंबर दुखत नाही? त्यात फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे अंडं किती वाढलं ते पाहायला, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला जायचं, म्हणजे तितकी मजुरी बुडाली. हा दुष्परिणाम कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो.

२०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेणाऱ्यांत २७.५ टक्के, क्लोमिफीन घेणाऱ्यांत १९.१ टक्के जणींना बाळ झालं. वाफा क्लोमिफीनने जास्त आल्या, थकवा आणि चक्कर लेट्रोझोलने. म्हणजे नवी गोळी सरस, पण निर्धोक नव्हे. आपल्याकडे ती आणखी तीन वर्षं बंदच होती. बाळाच्या काळजीपोटी घातलेल्या बंदीने आईला कमी गुणकारी गोळीवर ठेवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. त्यांनी अंडाशय अति चेतवलं गेलं तर पोटात पाणी साचतं, रक्त घट्ट होतं, गुठळ्या होऊ शकतात. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी ठाऊक आहे. त्या आजारात गुठळीचा धोका मुळातच जास्त, म्हणून सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. वंध्यत्वाच्या उपचारांबाबतच्या २०२१ च्या कायद्याने अशी इंजेक्शनं घेणाऱ्या अंडदात्रीला आयुष्यात एकदाच दान करण्याची आणि सातच अंडी काढण्याची मर्यादा घातली. साधी गोळी घेणाऱ्या बाईला निदान दोन मिनिटं समजावून सांगायला तर कायद्याचीही गरज नाही.

ते समजावणं सुरू होईतोवर एवढं घरी सगळ्यांना ठाऊक असू द्या. गोळी सुरू असताना डोळ्यांपुढे चमकलं किंवा धूसर दिसू लागलं तर पुढची गोळी घेऊ नका, डॉक्टरांना कळवा आणि गाडी चालवू नका. पोट झपाट्याने फुगलं, असह्य कळ आली, लघवी कमी झाली, दम लागला, तर नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचं रुग्णालय गाठा, आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या.