घर विकतांना न सांपडणारे कागद

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणीला आतां ‘घर पाहावें विकून’ असा तिसरा चरण जोडावासा वाटतो. बांधतांना जें सुचत नाहीं आणि राहतांना जें आठवत नाहीं, तें विकतांना नेमकें समोर येऊन उभें राहतें.

समजा, पुण्यांतील एका जोडप्यानें १९८८ सालीं एक सदनिका घेतली. मुलें मोठीं होऊं लागलीं तेव्हां, १९९६ मध्यें, त्यांनीं गॅलरीला भिंत घालून तिची अभ्यासाची खोली केली. पुढें २००९ मध्यें स्वयंपाकघरांतील मधली भिंत काढून ओटा वाढविला. आतां दोघेंही थकलीं आहेत. तीन जिने चढवत नाहींत. घर विकावें आणि लेकीच्या शेजारीं तळमजल्यावर लहानशी जागा घ्यावी, असें ठरलें. नव्या जागेचा विसार दिला. जुन्या घराला गिर्‍हाईकही मिळालें. मग गिर्‍हाइकाच्या बँकेचा मूल्यमापक मंजूर नकाशा घेऊन आला. नकाशांत गॅलरी, प्रत्यक्षांत खोली! ‘याची परवानगी?’ त्यानें विचारलें. कपाटांतून जुनीं वीजबिलें निघालीं, लग्नपत्रिका निघाल्या. परवानगी निघाली नाहीं. कर्ज अडलें. विसाराची मुदत मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

श्रोतेहो, हें जोडपें कल्पित आहे. परंतु अशी गॅलरी आपल्यांपैकीं अनेकांच्या घरांत आहे. म्हणून प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ‘कागद नाहीं’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. परवानगी घेतली होती पण कागद हरवला, हा एक; आणि परवानगी घेतलीच नव्हती, हा दुसरा. हे दोन रोग निराळे, आणि त्यांचीं औषधेंही निराळीं.

त्याआधीं एक दिलासा. प्रत्येक सुधारणेला परवानगी लागते असें नाहीं. ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ याच्या कलम ४३ नें, केवळ घराच्या अंतर्भागापुरत्या किंवा बाह्य स्वरूपांत विशेष फरक न करणार्‍या दुरुस्तीस व सुधारणेस सूट दिली आहे. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारती तेवढ्या अपवाद. म्हणजे फरशी बदलणें, ओटा नवा करणें, यांसाठीं महापालिकेचा कागद शोधीत बसण्याचें कारण नाहीं. परंतु गॅलरी बंदिस्त केली, गच्चीवर खोली चढविली, किंवा खांब, तुळई अथवा भार वाहणारी भिंत यांना हात लावला, कीं गोष्ट निराळी. तेथें परवानगी हवी, आणि सहकारी संस्थेंतील घर असेल तर संस्थेची लेखी संमतिही हवी.

कागद हरवला असेल, तर उपाय सोपा पण वेळखाऊ आहे. मंजूर नकाशा, काम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे मागाव्या. सहज न मिळाल्यास ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५’ आहेच. अर्जाची फी १० रुपये, आणि उत्तराची सामान्य मुदत ३० दिवस. संस्थेचें जुनें दप्तरही पाहावें. सभेच्या इतिवृत्तांत संमतीचा ठराव पुष्कळदां सांपडतो.

परवानगी घेतलीच नसेल, तर वास्तुविशारदाकडून आहे त्या स्थितीचा नकाशा काढवावा आणि मंजूर नकाशाशीं ताडून पाहावा. वाढीव बांधकाम चटईक्षेत्राच्या व सामासिक अंतराच्या नियमांत बसत असेल, तर शुल्क भरून तें नियमित करून घेण्यासाठीं अर्ज करतां येतो. बसत नसेल, तर तें काढून जागा पूर्ववत् करणें हाच प्रामाणिक मार्ग. भिंत पाडण्याचा खर्च मोडलेल्या सौद्यापेक्षां बहुधा कमीच असतो.

या बाबतींत तीन भ्रम प्रचलित आहेत. ‘इतकीं वर्षें झालीं, आतां कोण विचारतो?’ हा पहिला. १७ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे कीं, काळ लोटल्यानें किंवा अधिकार्‍यांनीं डोळेझांक केल्यानें अवैध बांधकाम वैध होत नाहीं. आणि बँकांनींही पूर्णत्वाचें किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच कर्ज द्यावें. ‘आम्ही त्या खोलीचा कर भरतों’ हा दुसरा. ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९’ यांतील कलम २६७-अ सांगतें कीं, कर व शास्ती वसूल केल्यानें बांधकाम नियमित ठरत नाहीं. ‘खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे सर्व पावन’ हा तिसरा. नोंदणी ही दस्ताची असते. भिंतींच्या वैधतेचा तो दाखला नव्हे.

मग गिर्‍हाइकापासून लपवावें काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणें, विकणार्‍यास ठाऊक असलेला, घेणार्‍यास ठाऊक नसलेला आणि साध्या सावधगिरीनें त्याच्या ध्यानांत न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणें, हें विकणार्‍याचें कर्तव्य आहे. तो दडविणें ही कायद्याच्या दृष्टीनें लबाडी ठरते. म्हणून जें आहे तें साठेखतांतच लिहून द्यावें. किंमत थोडी उतरेल, पण झोंप शांत लागेल.

आणखी एक कागद आपण हटकून फेकून देतों. तो म्हणजे पावती. घर विकून झालेल्या भांडवली नफ्याचा आयकर मोजतांना, घरांत कायमची भर घालणारा खर्च वजा मागतां येतो. रंगसफेदीसारखी किरकोळ डागडुजी त्यांत धरत नाहींत. आपल्या जोडप्याचा १९९६ चा खर्च मात्र मोजला जाणार नाहीं, कारण १ एप्रिल २००१ पूर्वींचा सुधारणेचा खर्च हिशेबांत धरत नाहींत. त्याऐवजीं त्या तारखेची घराची रास्त बाजारकिंमत धरण्याची सोय आहे. २००९ च्या खर्चासाठीं मागणी करावयाची, तर कंत्राटदाराचें बिल आणि बँकेंतून पैसे दिल्याची नोंद हाताशीं हवी.

त्या जोडप्याचें चुकलें कोठें? खोली केली यांत नव्हे. नकाशा पाहण्याआधीं विसार दिला, यांत चुकलें. विक्रीचा विचार मनांत येतांच, निदान सहा महिने आधीं, ही तपासणी करावी. आणि ज्यांना घर विकावयाचें नाहीं, त्यांनीं आजच एक जाड पाकीट घेऊन त्यावर ‘घराचें काम’ असें लिहावें: नकाशे, परवानग्या, संस्थेचीं पत्रें, पावत्या, सर्व त्यांत. गवंडी गेला म्हणजे काम संपलें असें नव्हे. कागद फडताळांत गेला म्हणजे संपलें.