देव न मानणाऱ्या घरचे मूल आणि आपली कॅथलिक शाळा

परभणी तालुक्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकालाही त्या देवाचे नाव जोडलेले आहे. अशा गावातही देव न मानणारे एखादे घर असू शकते. मुलाला परभणीसारख्या शहरातील कॅथलिक शाळेत घालावे असा विचार त्या घरात सुरू झाला, की ओळखीच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "तुमच्या शाळेत घातले तर आमचे पोर ख्रिस्ती तर होणार नाही ना?"

या प्रश्नाला आपण बहुधा हसून "छे, छे, तसे काही नसते" एवढेच उत्तर देतो. ते अपुरे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती बांधवांचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांना ख्रिस्ती समाजाची ओळख घडते ती शाळेच्या फाटकापाशी. म्हणून या प्रश्नाचे नीट उत्तर आपल्यापाशी असावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रश्न विचारणारे कोण?

'निधर्मी' या एका शब्दात आपण अनेकांना कोंबतो. काही घरे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेली असतात. काहींवर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्याचा संस्कार असतो. काहींनी कोणताही गाजावाजा न करता पूजापाठ सोडलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये दिलेल्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणाऱ्या बौद्ध कुटुंबांना निधर्मी म्हणणे योग्य नव्हे. परंतु ती सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाहीत, त्यामुळे शाळेतील प्रार्थनेविषयी त्यांचाही प्रश्न पुष्कळसा असाच असतो.

भीती निराधार आहे काय?

इतिहास पाहता ती निराधार म्हणता येत नाही. १८४३ मध्ये मुंबईत प्रॉटेस्टंट मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. तो अल्पवयीन होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याची बाजू घेतली. हेच नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळ, कार्य करीत राहिले. ती शाळा कॅथलिक नव्हती हे खरे. पण वडिलांच्या मनातील काळजी पंथभेद पाहत नाही.

याच काळात, १८४१ ते १८४७ या वर्षांत, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकत होते. त्यांचे शिक्षण थांबले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडील गोविंदरावांचे मन वळविले, तेव्हा ते पुन्हा शाळेत गेले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मात्र शाळा सोडल्यानंतर वर्षभरातच, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. एकाच काळातील ही दोन उदाहरणे शेजाऱ्यासमोर ठेवावीत. त्यांतील एकच सांगणे म्हणजे अर्धसत्य होय.

राज्यघटना आणि न्यायालये काय सांगतात?

भारतीय राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. हे कलम आपल्याला ठाऊक असते. परंतु कलम २८ चा तिसरा खंडही आपल्याला तितकाच पाठ असावयास हवा. शासनमान्य अथवा अनुदानित शाळेतील कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती आवश्यक असते. येथे शब्द 'संमती' असा आहे. पालकाने तक्रार केली नाही, म्हणून त्याने संमती दिली असे होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निर्णयही ध्यानी घेण्याजोगे आहेत. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वेतनश्रेणी अडविण्यात आली होती. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ती शाळा ख्रिस्ती नव्हती. तत्त्व मात्र सर्व शाळांना लागू पडते. २०१४ मध्ये याच न्यायालयाने, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा प्रत्येकास अधिकार आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती शासनाने कोणावर करू नये, असा निर्वाळा दिला. प्रवेशअर्जातील 'धर्म' या रकान्यापाशी थबकणाऱ्या पालकाला ही गोष्ट अवश्य सांगावी.

ख्रिस्तसभा काय सांगते?

कायद्याच्या धाकाने नव्हे, तर आपल्या श्रद्धेमुळेच आपण सक्ती नाकारतो, हे शेजाऱ्याला कळावयास हवे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. आईवडिलांच्या धर्मविषयक समजुतीशी न जुळणारे पाठ मुलांवर लादणे हा पालकांच्या हक्कांचा भंग आहे, असे त्यात म्हटले आहे. श्रद्धेचा प्रसार करताना सक्ती व अप्रामाणिक वशीकरण टाळावे, आणि गरीब वा अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर ते विशेष करून टाळावे, असेही ते बजावते. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात, कॅथलिकेतर मुले शिकत असलेल्या कॅथलिक शाळांबद्दल आपुलकी व्यक्त केली आहे.

१९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम ७४८ नुसार कोणावरही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा लादता येत नाही. कलम ८६८ नुसार, सर्वसामान्य परिस्थितीत, आईवडिलांपैकी निदान एकाची संमती असल्याखेरीज बालकाला बाप्तिस्मा देता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर आपल्या परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका म्हणवून घ्यावी, असे त्यांत सुचविले आहे.

मग शाळेत असते तरी काय?

येथे आडपडदा ठेवू नये. कॅथलिक शाळेच्या भिंतीवर क्रूस असतो. परिपाठात प्रार्थना होते. नाताळ साजरा होतो. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास निराळा असतो आणि इतरांसाठी त्या वेळी बहुधा मूल्यशिक्षणाचा तास ठेवला जातो. क्रूस उतरवून ठेवा, असे पालकाने म्हणणे रास्त नाही; तसेच त्याच्या मुलाने क्रूसापुढे हात जोडलेच पाहिजेत, असे शाळेनेही म्हणू नये. प्रार्थनेच्या वेळी मुलाने शांत उभे राहावे, इतरांची चेष्टा करू नये आणि इतरांनी त्याची करू नये, एवढा साधा शिष्टाचार दोहोंकडून पाळला गेला तर पुष्कळ झाले.

शेजाऱ्याला आपण असा सल्ला द्यावा की, प्रवेश घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून चार प्रश्न विचारावेत. परिपाठात नेमकी कोणती प्रार्थना म्हटली जाते? मूल्यशिक्षणाच्या तासाला कोणते पुस्तक वापरतात? आमची संमती नसेल तर मूल त्या वेळी कोठे बसेल? आणि हे सारे लेखी मिळेल काय? चांगल्या शाळेला या प्रश्नांचा राग येऊ नये.

खर्चाची बाबही मोकळेपणाने सांगावी. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के मोफत जागांची तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालाबाबत शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवले. म्हणून मोफत प्रवेश मिळेलच असे आश्वासन कोणी देऊ नये. मुलाची मराठी सुटेल या काळजीवर मात्र उत्तर आहे : २०२० च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. आणि गावातली जिल्हा परिषदेची शाळा चांगली असेल, तर लहानग्याला रोज लांबचा प्रवास घडविण्यापूर्वी तिचाही विचार करा, असे सांगण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

आपली जबाबदारी

प्रिय बंधुभगिनींनो, देव न मानणारे आईवडील आपले मूल दिवसातले सहा तास आपल्या हाती सोपवितात, तेव्हा ते आपल्या श्रद्धेवर विश्वास ठेवीत नसतात. आपल्या शब्दावर ठेवीत असतात. ते मूल दहा वर्षांनी शाळेतून बाहेर पडताना ख्रिस्ती झालेले नसेल, यात आपले काही हरवत नाही. पण आपल्याला तेथे कोणी फसविले, असे त्याला वाटले, तर आपण पुष्कळ काही गमावलेले असेल. म्हणून यापुढे कोणी तो प्रश्न विचारला, तर हसून वेळ मारून नेऊ नका. त्यांना घरात बसवा, चहा द्या, आणि शाळेत काय असते व काय नसते ते सारे सांगा.