मध न देणारी माशी आणि वैद्याची परसबाग

वैद्यवर्गाचा मधमाशीशी संबंध मधापुरताच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुश्रुतसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक आदी मधाचे आठ प्रकार वर्णिले आहेत. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेचे कार्यही मुख्यतः मध देणाऱ्या माश्यांविषयीचे. परंतु मधाचा साठा न करणाऱ्या, पोळे न बांधता एकेकट्या राहणाऱ्या माश्यांचे आपल्या औषधींवर मोठे ऋण आहे.

दशमुळातील कंटकारी (रिंगणी) व बृहती (डोरली) यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या फुलांतील परागकोश नळीसारखे बंद असून टोकाशी केवळ सूक्ष्म छिद्र असते. फूल थरथरविल्याखेरीज पराग नीट बाहेर पडत नाहीत. सातेरी माशीस हे साधत नाही. निळ्या पट्ट्यांची एकाकी माशी व लाकूड पोखरणारा काळा भुंगा मात्र फुलास बिलगून आपल्या स्नायूंच्या कंपनाने पराग झाडून घेतात. मुळासाठी झुडूप उपटले की ते संपले; पुढील पिढी बियांतूनच यावयाची. म्हणूनच या कीटकांचा प्रश्न आपल्या औषधिद्रव्याचा प्रश्न आहे.

पवनाकाठच्या रावेतमध्ये शेताचे बांध व मातीच्या भिंती जाऊन इमारती आणि फरसबंद अंगणे आली. अशा ठिकाणी फुले असली तरी माशीस घर उरत नाही. ते परसात वा गच्चीवर सहज देता येते. जपानमध्ये सफरचंदाच्या बागांत बोरूच्या नळ्या ठेवून मातीने घर लिंपणाऱ्या गवंडी माश्या पाळल्या जातात. ती जात थंड हवेची; आपल्याकडे पाने कापणाऱ्या व राळेने घर लिंपणाऱ्या तिच्या भगिनी अशा नळ्यांत येतात.

सुमारे अर्धा फूट लांबीचे, ५ ते १० मिलिमीटर पोकळीचे बांबूचे तुकडे घ्यावेत. एक टोक पेराने बंद असावे. त्यांची लहान जुडी पावसाच्या आडोशास, पूर्वाभिमुख, आडवी व घट्ट बांधावी. निळ्या पट्ट्यांच्या माशीसाठी न भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यास पेन्सिलीएवढी भोके पाडून ठेवावीत. माश्या बाहेर पडल्यावर नळ्या बदलाव्यात, अन्यथा बारीक कोळी-किडे माजतात. मोठ्या जुडीपेक्षा दूरदूर ठेवलेल्या लहान जुड्या बऱ्या.

गुलाबाच्या पानांना गोल काप दिसताच रोग समजून फवारणी केली जाते. ते काप बहुधा याच माशीने घरासाठी नेलेले असतात. झाडास त्यामुळे फारशी हानी होत नाही. या माश्या सहसा दंश करीत नाहीत. तथापि दंशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपावे.

औषधालयाच्या मागील अंगणात रिंगणीची चार झुडपे व बांबूची एक जुडी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. मध मिळणार नाही. पण बी धरेल, आणि ज्या वनस्पतीचे मूळ आपण रुग्णास देतो तिचा वंश आपल्याच अंगणात पुढे चालेल.