दारू सोडल्यावर हाडं का दुखतात?

‘पीत होता तेव्हा धडधाकट होता, सोडली आणि कंबर धरली.’ दारू सुटलेल्या माणसाबद्दल असं सर्रास बोललं जातं. यातला क्रम खरा आहे, कारण मात्र खोटं. दारू वेदना बधिर करते, म्हणून पिण्याच्या वर्षांत मणक्याचं आणि खुब्याचं काय होतंय ते कळत नाही. ती थांबली की जुनं नुकसान बोलू लागतं. दुसरं असं की, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिच्या जोरात मणका दबतो किंवा खांदा निखळतो. दोष इथेही सोडण्याचा नाही, देखरेखीविना सोडण्याचा आहे. त्यासाठी डॉक्टर आहेत, पुण्यात येरवड्याला १९८६ पासून सुरू असलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

हाड आयुष्यभर थोडं झिजतं आणि थोडं नव्याने बांधलं जातं. दारू त्यातलं बांधकाम मंदावते, झीज चालूच राहते. सोडल्यावर काही आठवड्यांतच हाड बांधणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागल्याची खूण रक्ततपासणीत दिसते. पण वर्षानुवर्षांची तूट भरून यायला महिने, कधी वर्षं लागतात आणि काहींची पूर्ण भरत नाही. ‘सोडली म्हणजे हाडं आपोआप पूर्ववत’ हा उलट्या बाजूचा गैरसमज आहे.

पिणाऱ्याच्या हाडांना कॅल्शियमही कमी पडतं म्हटलं, की पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या डोंगरी भागात एक आक्षेप साहजिक आहे: नाचणीची भाकरी खाणाऱ्या, दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला कॅल्शियम कसं कमी पडेल? नाचणी खरोखरच गुणाची. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. पण प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमची, आणि पिणारा माणूस अनेकदा जेवतच नाही. जेवला तरी स्वादुपिंड बिघडलेलं असेल तर कॅल्शियम शोषून घ्यायला लागणारं अन्नातलं ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. उन्हामुळे त्वचेत तयार होणारं ड जीवनसत्त्वही यकृत आणि मूत्रपिंडात बदलल्यावरच उपयोगी पडतं. यकृतच आजारी असेल तर ऊन पुरत नाही. त्यातून इथला पावसाळा महिनोन्महिने सूर्य झाकून ठेवतो.

सगळ्यात घातक चूक खुब्याच्या बाबतीत होते. दीर्घकाळ भरपूर दारू प्यायल्याने मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो आतून मरत जातो. दुखतं जांघेत, कधी गुडघ्यात. मांडी घालून बसणं अवघड होतं, चढ-उतारावर लंगडायला होतं. मग ‘वात आहे’, ‘सायटिका आहे’ म्हणत तेल चोळण्यात महिने जातात. सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो, दोष एमआरआयमध्ये सापडतो. गोळा खचायच्या आत निदान झालं तर सांधा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो, खचल्यावर बहुतेकदा सांधा बदलणं उरतं. हाच आजार होण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे स्टेरॉइड, आणि सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये ते मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे. दारू सोडलेल्याने दुखण्यासाठी अशी पुडी घेणं हे आगीतून फुफाट्यात जाणं.

‘थोडी घेतली तर हाडांना उलट चांगली’ असंही कोणी पेपरातलं कात्रण दाखवून सांगतं. काही पाहण्यांमध्ये अगदी कमी पिणाऱ्यांच्या हाडांची घनता किंचित जास्त दिसली, हे खरं. पण ते दारूमुळेच घडलं हे त्यातून सिद्ध होत नाही. बेताने पिणारी माणसं इतर बाबतींतही बेताने राहणारी असू शकतात. आणि ज्याला एका पेल्यावर थांबता येत नाही म्हणूनच उपचार घ्यावे लागले, त्याला हा हिशोब लागूच नाही.

तेव्हा दारू सोडलेल्या माणसाने तपासणीला जाताना डॉक्टरांना किती वर्षं, किती प्यायलो हे लाज न बाळगता सांगावं, ड जीवनसत्त्वाची आणि गरज वाटल्यास हाडांच्या घनतेची तपासणी करावी का हे विचारावं, विडी असेल तर तीही सोडावी. जांघेतलं दुखणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, तर एक्स-रे चांगला आला तरी एमआरआयबद्दल विचारल्याशिवाय परतू नये.