उतरण्याची घाई

दिनांक ६ मे २०२१ रोजी नागपूरहून उड्डाण करताना एका लहान खाजगी रुग्णवाहू विमानाचे चाक निखळून पडले. आत पाच जण होते; त्यांत एक रुग्ण. विमान मुंबईकडे नेण्यात आले, धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि रात्री वैमानिकांनी ते पोटावर उतरविले. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

त्याच मुंबईत १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले लियरजेट ४५ जातीचे खाजगी विमान मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर घसरले आणि मोडले. सुदैवाने आतील आठही जण वाचले. दृश्यमानता त्या वेळी अवघी ७०० मीटर होती. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाच्या विमानाला एवढे अंतर कापण्यास अकरा-बारा सेकंद पुरतात. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा करणे आपले काम नव्हे. मात्र उतरतानाचे क्षण इतके नाजूक का, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

उतरताना वेग १० टक्के अधिक राहिला, तर विमान थांबविताना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. दहा टक्के दराने दोन वर्षांचे चक्रवाढ व्याज मांडून पाहावे. आकडा तोच येतो. त्यात धावपट्टी ओली असली, तर चाकाखाली पाण्याचा थर शिरतो आणि ब्रेक निष्प्रभ होतात. म्हणूनच वेग, उंची वा दिशा ठरल्याप्रमाणे नसेल, तर उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर जावे, असा दंडक आहे. वैमानिक यास 'गो-अराउंड' म्हणतात.

आमच्या मुरुडच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. राजपुरीहून जंजिऱ्यास जाणारी होडी दरवाजाच्या पायऱ्यांशी पोचते, तेव्हा लाट उचल खात असेल तर जाणता तांडेल होडी भिडवीत नाही. मागे घेतो, थांबतो, पुन्हा येतो. उतारू कुरकुरतात. तो लक्ष देत नाही.

लहान विमानात मात्र कुरकुरणारा उतारू वैमानिकापासून चार हातांवर असतो, आणि बहुधा तोच विमानाचा मालक किंवा भाडे भरणारा असतो. बैठकीची वेळ टळते आहे, रुग्ण अत्यवस्थ आहे, हे शब्द कॉकपिटपर्यंत सहज पोचतात. प्रवासी कंपनीच्या मोठ्या विमानात मध्ये बंद दार असते.

आपल्या समाजातही रुग्णासाठी वा व्यवसायासाठी विमान भाड्याने घेण्याचे प्रसंग येतात. अशा वेळी, विशेषतः पावसाळ्यात, पर्यायी विमानतळ कोणता हे निघण्यापूर्वीच विचारावे. मुंबईस येणारा रुग्ण पुण्यास उतरवावा लागला, तर तेथे रुग्णवाहिका आणि रुग्णालयातील खाट यांची तजवीज आधीच करून ठेवावी, आणि ती झाली आहे हे वैमानिकास उड्डाणापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे.