तिसऱ्या गोळीची रायफल

मराठी घरांत शिकारकथांचं वाचन बहुधा जिम कॉर्बेटपासून सुरू होतं आणि पुष्कळदा तिथेच थांबतं. माझं मात्र केनेथ अँडरसनपाशी अडकलं ते अडकलंच. कॉर्बेट कुमाऊँचा, तर अँडरसन बंगळुरूचा. स्कॉटिश घराण्यातला हा माणूस 1910 साली सिकंदराबादजवळच्या बोलारमला जन्मला. विमान कारखान्यात नोकरी करायचा आणि सुटी मिळाली की जुनी मोटार काढून कावेरीकाठच्या रानात शिरायचा. 1954 साली त्याचं नरभक्षकांवरचं पहिलं पुस्तक आलं. त्यात वाघ-बिबळ्यांइतकंच माझं लक्ष वेधलं त्याच्या रायफलीनं. मॉडेल 1895 विंचेस्टर, पॉइंट चारशे पाच बोअर, लिव्हर-अ‍ॅक्शन.

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाभोवतीची कडी पुढे-खाली ढकलायची, परत ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि भरलेलं नळीत. अमेरिकेत 1860 च्या हेन्री रायफलीपासून ही पद्धत रुळली. पण त्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसायची. टोकदार गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलं तर धक्क्यानं आतच बार उडायची भीती, म्हणून गोळ्या चपट्या नाकाच्या. शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंगनं 1895 च्या रायफलीत ते नळकांडं काढलं आणि पोटाखाली चौकोनी पेटी बसवली. इतिहास एवढा पुरे.

कोडगूतल्या एका कॉफीच्या मळ्यावर, जुन्या घराण्याच्या कपाटातली अशी एक रायफल मला हाताळायला मिळाली. कडी पुढे ढकलली की तिच्याबरोबर रायफलीच्या पोटाचा काही भाग खाली उतरतो, बोल्ट सरकत मागे येतो आणि जाताजाता उघड्या घोड्याला पाडून ताणतो. काडतुसं वरून एकेक दाबून भरायची. त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे, नाहीतर ऐन वेळी अडकलंच म्हणून समजा. पेटीत चार, नळीत एक. घोडा अर्धवट ताणून ठेवायचा, तेवढीच सुरक्षितता. दस्त्याची पोलादी पट्टी खांद्याला लावली आणि ती किती अरुंद आहे हे जाणवलं. 300 ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 670 मीटर वेगानं सोडणाऱ्या रायफलीचा धक्का एवढ्याशा जागेत बसतो. मळ्याचे मालक म्हणाले, ‘‘आमचे आजोबा खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवायचे.’’

हे काडतूस 1904 साली आलं आणि त्याला जगभर नाव मिळवून दिलं थिओडोर रूझवेल्टनं. मार्च 1909 मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करायला पूर्व आफ्रिकेला निघाला. बरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा कर्मिट. सामानात स्प्रिंगफील्ड रायफल होती, इंग्लिश चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची दुनळी होती आणि विंचेस्टरही होती. सिंहासाठी त्याचा भरवसा विंचेस्टरवर. बापलेकांनी मिळून 17 सिंह मारले. एकूण जनावरं 512. हा आकडा मला आजही पचत नाही. वस्तुसंग्रहालयाचं निमित्त मान्य केलं, तरी त्यातली पुष्कळ जनावरं छावणीच्या मांसासाठी आणि हौसेसाठी पडली असं मला वाटतं.

हत्तीसाठी मात्र रूझवेल्टनं दुनळीच घेतली आणि ते शहाणपणाचंच होतं. चारशे पाचची गोळी जाड असली तरी लांबीला आखूड, तिला खोलवर शिरायची ताकद कमी. दुनळीची गोळी सुमारे 31 ग्रॅमची. केनिया पर्वताच्या जंगलात त्यानं दोन्ही नळ्या झाडून पहिला हत्ती पाडला आणि त्याच क्षणी दुसरा हत्ती झाडी फोडून अंगावर आला. दोन्ही नळ्या रिकाम्या! रूझवेल्ट झाडामागे सरकला, वाटाड्या कनिंगहॅमनं गोळी झाडून हत्तीला वळवलं, म्हणून निभावलं. दुनळीचे चाहते तिच्या दोन झटपट गोळ्यांचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण जखमी जनावर अंगावर येतं तेव्हा प्रश्न तिसऱ्या गोळीचा असतो. लिव्हरमध्ये ती हाताशी असते, डोळा नेमावरून न हलवता. शिवाय उत्तम इंग्लिश दुनळी म्हणजे संस्थानिकाच्या खिशाची वस्तू. विंचेस्टर नोकरदाराला परवडायची. अँडरसनच्या हाती ती शोभली ती यामुळे.

त्याच्या कथांतली माझी सर्वांत लाडकी जवळगिरीच्या वाघिणीची. जोडीदार मारला गेलेला, स्वतः गोळी लागून जखमी झालेली ही वाघीण माणसं मारू लागली. गाऱ्यावर, म्हणजे वाघिणीनं मारलेल्या जनावरापाशी, बसणं, माग काढणं, सगळं करून झालं. शेवटी अँडरसननं नर वाघाची हाक घशातून काढली. रानातून वाघिणीनं उत्तर दिलं आणि ती त्याच्याच दिशेनं निघाली. मला या प्रसंगात नेमबाजीपेक्षा कानाची कमाल जास्त वाटते. वाघाची हाक काढण्यासाठी आधी ती अनेक रात्री ऐकावी लागते, आणि या माणसानं अशा रात्री पुजारी जमातीचे रानवासी, गुराखी, चोरटे शिकारी यांच्या संगतीत काढल्या होत्या. त्यांच्याशी तो त्यांच्याच भाषेत बोलायचा.

मी जवळगिरीला बंगळुरूहून गेलो, होसूर-थळीच्या रस्त्यानं. नाचणीची शेतं संपतात आणि एकदम बांबू नि खुरटी झाडी सुरू होते. चहाच्या टपरीवर वाघाचं विचारलं तर बोलणं हत्तींवर आलं. रात्री पिकात शिरतात, म्हणून पोरं माळ्यावर डबे वाजवत बसतात. अँडरसनचं नाव एका म्हाताऱ्यानं ऐकलेलं होतं. ‘‘दोरै मोटारीतून यायचा,’’ एवढंच तो म्हणाला. दोरै म्हणजे साहेब. आता हा टापू तमिळनाडूच्या कावेरी उत्तर अभयारण्यात येतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडच्या शिकारीला वेसण घातली. त्याच वर्षी अमेरिकेत मार्लिन कंपनीनं जुन्या पॉइंट पंचेचाळीस-सत्तर काडतुसासाठी आपली 1895 नावाची लिव्हर रायफल नव्यानं बाजारात आणली. नाव तेच असलं तरी ही वेगळी रायफल, काडतुसं नळकांड्यातच ठेवणारी. अलास्कात सामन मासे धरणाऱ्यांना नदीकाठी नेणारे वाटाडे आजही आखूड नळीच्या अशा रायफली खांद्याला लटकवतात. उंच गवतातून अस्वल येतं ते दहा-पंधरा पावलांवर दिसतं. तिथे दुर्बीण कुचकामी असते, लांबचा नेम कुचकामी असतो. लागते ती जड गोळी, आणि ती लागली नाही तर लगेच दुसरी, तिसरी.