ओवाळणीतला समुद्र

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेची गोष्ट. आमचे मेहुणे धाराशिवला बहिणीकडे आले, पाटावर बसले, ओवाळून झाले, आणि खिशात हात घालून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "ताई, काय घालू?" दरवर्षी आमच्या सौभाग्यवती "तुझी इच्छा" असे म्हणतात आणि ताटात पडेल ते गोड मानून घेतात. त्या दिवशी त्यांच्या मनात काय आले कोण जाणे. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत. समुद्र दाखव."

मेहुणे शेतकरी. त्यांच्याजवळ 'बोलेरो कॅम्पर' नावाची मोटार आहे. पुढे पाच माणसे बसतात, मागे उघडा हौदा. त्या हौद्यातून आजवर सोयाबीनची पोती गेली, कडबा गेला, एकदा तर आजारी म्हैसही दवाखान्यात जाऊन आली. कंपनीने या वाहनाला 'कॅम्पर' का म्हटले असेल याचा विचार आमच्या जिल्ह्यात कोणी केला नसेल. तो आमच्या अकरावीतल्या कन्येने केला. परदेशात म्हणे लोक अशाच गाडीच्या हौद्यात बिछाना, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसवतात आणि समुद्राच्या कडेकडेने महिना महिना हिंडतात. जिथे दिवस मावळेल तिथे बिऱ्हाड. "मामा, आपण तसंच जाऊ," ती म्हणाली. "आणि मालवणला मी पाण्याखाली जाणार."

शेवटच्या वाक्यासरशी खोलीत एकदम शांतता पसरली. आई देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसली होती. तिचा हात थांबला, आणि पुन्हा चालू लागला.

त्या शांततेचे कारण सांगून टाकतो. मला एक थोरला भाऊ होता. मी नऊ वर्षांचा आणि तो बारा वर्षांचा असताना आमच्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकताना तो गेला. पाठीला बांधलेला भोपळा सुटला एवढेच मला आठवते, कारण मी काठावर उभा होतो. त्यानंतर सदतीस वर्षांत आईने विहिरीत डोकावून पाहिलेले नाही आणि मी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पाऊल घातलेले नाही. आमच्याकडे ही शपथ पाळणे काही कठीण नसते. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर, तोही कागदावरचा. ती विहीरही पुढे आटली. आता तिच्यात बाभळी आहेत.

पण ओवाळणी ती ओवाळणी. मेहुण्यांनी आठ दिवसांत गाडी सजवली. हौद्यावर लोखंडी कमानी होत्याच. त्यांवर नवी ताडपत्री आली, खाली फळ्या, फळ्यांवर गाद्या, कोपऱ्यात शेगडी आणि लहान सिलिंडर. सांगाड्याला मात्र आम्ही हात लावला नाही. गाडीत कायमचा फेरफार करायचा तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते, आणि मेहुण्यांना ती पुन्हा सोयाबीनलाच लावायची होती. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आमच्यासारखी मंडळी खासच नसावीत. बेत असा ठरला की चालत्या गाडीत सर्वांनी पुढे बसायचे. मुक्कामाला स्त्रियांनी हौद्यात निजायचे आणि पुरुषांनी बाहेर तंबूत.

आईने येणार म्हणून सांगितले तेव्हा मला आश्चर्यच वाटले. "पोरगी पाण्यात जाणार म्हणती. मी घरी बसून काय करू?" असे तिचे म्हणणे. निघण्याच्या आदल्या रात्री तिने वीस वीस लिटरचे दोन कॅन भरून गाडीत चढवायला लावले. मेहुणे हसून म्हणाले, "मावशी, कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं काय पाणी नेता?" आई म्हणाली, "पडतो तो पावसाळ्यात. आता कुठं पावसाळा हाय?" पुढे देवबागेत आम्ही ज्या बाईंच्या माडाच्या वाडीत उतरलो त्यांनी वैशाखात आपल्या विहिरीला कसा तळ लागतो हे सांगितले, तेव्हा आईने मेहुण्यांकडे असे काही पाहिले की ते उठून मोटारीची हवा तपासायला गेले.

धाराशिवच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय, असे वाचक विचारतील. मीही वर्गात पुष्कळदा विचारतो आणि उत्तर मीच देतो. आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात त्याचे नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनी बंदरावर नेत. तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे आणि तशाच घडणीची एक मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. तेव्हा गाडी जुंपून दर्याला जाणे ही आमची दोन हजार वर्षांची वहिवाट आहे. मध्यंतरी जरा खंड पडला, एवढेच! हे सारे मी तुळजापूर ते सोलापूर गाडीत सांगत होतो. सोलापूर येईपर्यंत कन्या झोपली होती.

मंगळवेढा, सांगोला मागे टाकून मिरजेत चहाला थांबलो. तिथून 2016 च्या एप्रिलात लातूरकरांसाठी पाण्याची आगगाडी निघाली होती. पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी. ती आमच्याच स्टेशनावरून पुढे गेली. आमचेही नळ तेव्हा कोरडे होते. स्टेशनात उभे राहून दुसऱ्या गावचे पाणी जाताना पाहणे ही कसली तहान असते ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना कसे सांगू? आईने मिरजेच्या टपरीवर पेला विसळणाऱ्या पोराला सांगितले, "नळ बंद कर रे बाबा आधी."

आंबा घाट उतरताना हवा बदलली. अंगाला ओल जाणवू लागली, आणि रत्नागिरीच्या पुढे भाट्याच्या पुलावर डावीकडे खाडी आणि उजवीकडे तो दिसला. आई काही बोलली नाही. पदर डोक्यावरून घेऊन तिने हात जोडले. देवळापाशी जोडतात तसे नव्हे. मोठ्या माणसापुढे, जरा अंतर राखून जोडतात तसे.

तिथून खाली मालवणापर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता आम्ही तीन दिवसांत उरकला. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, जैतापूरचा पूल, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. प्रत्येक खाडीवर पूल आणि प्रत्येक पुलावर "थांबा ना मामा!" एकदा मात्र फजिती झाली. गाव सांगत नाही. मावळतीचा देखावा पाहावा म्हणून मेहुण्यांनी गाडी थेट पुळणीवर घातली. शेताच्या चिखलाला न डरणारा माणूस, पण वाळू म्हणजे चिखल नव्हे. मागची चाके निम्मी रुतली आणि भरती चढू लागली. शेवटी मासेमार तरुणांनी टायरांतली हवा कमी करायला लावली, चाकांखाली झावळ्या टाकल्या आणि दहा जणांनी रेटून ती बाहेर काढली. पैसे घेईनात. त्यांतला एक एवढेच म्हणाला की, इथे थंडीत कासवे अंडी घालायला येतात, परत गाडी वाळूत आणू नका. त्यानंतर आम्ही नेहमी कोणाच्या तरी वाडीत, विचारून, मुक्काम केला. मोकळ्या किनाऱ्यावर हवे तिथे बिऱ्हाड मांडण्याची कल्पना सिनेमात बरी असते. प्रत्यक्षात ती जमीन कोणाची तरी असते आणि नसली तर कासवाची असते.

मालवणला पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग पाहिला. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. चहूकडे खारे पाणी आणि पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. इतरांनी वाकून पाहिले. आई चार हात दूर तटाच्या सावलीत उभी राहिली. मीही तिच्याशेजारी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याजवळच्या खडकांवर होडी नांगरली. या भागातला सुमारे 29 चौरस किलोमीटरचा समुद्र 1987 सालापासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुड्यांचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि गावातले अनेक मासेमारही आता पाहुण्यांना बुडी मारवून आणतात. आधी एक कागद भरून घेतात. दमा आहे काय, कान फुटला आहे काय, हृदयाचे दुखणे आहे काय. भीतीचा रकाना त्यात नसतो.

बरोबरच्या पाणबुड्या तरुणाने नीट समजावले. पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाएवढा आणखी एक दाब अंगावर चढतो, म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून कानांत हवा फुंकायची. श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते. ती कोंडली तर फुप्फुसाला इजा होते. कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी 1943 साली दाबाबरोबर हवा पुरवणारे हे यंत्र सिद्ध केले म्हणून माझ्यासारख्याने हे साहस करायचे! शिवाय खुणा. तर्जनी आणि अंगठ्याचे वर्तुळ म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे 'वर चला'.

मी कन्येबरोबर उतरायचे कबूल केले होते. शिडी धरून तोंड पाण्यात घातले, हिरवे पाणी डोळ्यांपुढे आले, आणि मला तो भोपळा दिसला. मी वर आलो. "गुरुजी, काय्येक होवचा नाय," तो तरुण म्हणत होता. मी कान दुखतो असे सांगितले आणि होडीत जाऊन बसलो. पोरगी माझ्याकडे क्षणभर पाहून त्याच्याबरोबर खाली गेली. वीस मिनिटे मी बुडबुडे मोजत होतो. आई किनाऱ्यावर बसली होती. तिला बुडबुडेही दिसत नव्हते.

संध्याकाळी रापण ओढणे चालले होते. अर्धवर्तुळात टाकलेले ते लांबलचक जाळे, दोन्ही टोकांना दोरावर गाव, आणि मिळेल ती मासळी वाट्यांनी वाटून घ्यायची. यांत्रिक नौकांपुढे हा धंदा कसा मागे पडला ते एका म्हाताऱ्या रापणकराने मला सांगितले. तो सगळा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मेहुणे आणि कन्या दोराला लागली होती. आई माझ्याजवळ आली.

"तू का न्हाई उतरलास?"

"कान दुखायला होता."

"कान न्हाई दुखत तुझा." थोडा वेळ ती दोराकडे पाहत राहिली. "माझ्यापायी राहिला असशील तर राहू नको. एकदा जा. जाऊन बघ, आणि मला सांग, खाली कसं असतंय."

सदतीस वर्षांत त्या बाबतीत ती माझ्याशी एवढेच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उतरलो. शूर वगैरे काही झालो नव्हतो. शिडीवर पाय लटपटत होते आणि पाणबुड्याने माझा दंड असा धरला होता की त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले. सहा-सात मीटर गेलो असू. पहिली गोष्ट ध्यानात येते ती स्वतःच्या श्वासाचा आवाज. बाकी आवाज कुठून येतात ते कळत नाही, कारण पाण्यात ध्वनी हवेच्या चौपट वेगाने धावतो आणि दोन्ही कानांना एकदमच गाठतो. लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. माझ्या हातातला देवीचा तांबडा गंडा तपकिरी दिसू लागला. खडकांवर मेंदूसारखे प्रवाळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा, आणि एक पोपटमासा चोचीने खडक खरवडत होता. पाण्यात वस्तू एक तृतीयांशाच्या हिशेबाने, म्हणजे तीनची चार, मोठी दिसते, तेव्हा त्याच्या आकाराविषयी मी साक्ष देणार नाही. पलीकडे कोणी पाव कुस्करून मासे जमवीत होते, फोटोसाठी. होड्यांच्या नांगरांनी मोडलेले प्रवाळही दिसले. अभयारण्यात हे चालावे याचा मला राग आला, आणि राग आला त्या अर्थी भीती गेली असली पाहिजे.

कन्येने वर्तुळाची खूण करून विचारले. वर्गात बरे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मी दाखवतो तसा अंगठा मी तिला आनंदाने दाखवला. पाणबुड्याने तो पाहिला आणि मला तत्काळ वर नेले! भाषेचा अध्यापक असून मी खुणेच्या भाषेत नापास झालो, हे कन्येने धाराशिवला येऊन माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना सांगितले.

वाडीत परतलो तेव्हा आई हौद्याच्या कडेला बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी केस पुसत तिच्याजवळ टेकलो. मासे सांगितले, प्रवाळ सांगितले, गंड्याचा रंग सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले. मग सुपातून नजर न काढता विचारले,

"अंधार होता का रे?"

"नव्हता. हिरवा उजेड होता. वर बघितलं की ऊन दिसत होतं."

आमच्या विहिरीचे पाणी पन्नास फूट खोल आणि गढूळ होते. ते मलाही ठाऊक होते आणि तिलाही. तिने एक खडा काढून बाजूला टाकला.

"दम कोंडत होता?"

"पहिल्यांदा. मग नाही."

"बरं," ती म्हणाली. बराच वेळ तांदूळ निवडून झाल्यावर तिने मेहुण्यांना हाक मारली आणि उद्या किती वाजता निघायचे ते विचारले. घरी गुरुवारी नळाला पाणी येणार होते, आणि तेवढ्यासाठी तरी बुधवारी रात्री पोचणे भाग होते.